इंजिन बदलले, पण होडी चालेना

पहाटे विजयदुर्गच्या जेटीवर उभे राहा. अंधारात इंजिनांचे आवाज ऐकू येतात. एक इंजिन सावकाश ठक् ठक् करीत जाते. दुसरे घर्र करून पळते. जुन्या माणसांना नुसत्या आवाजावरून होडी ओळखता येते. मधूनच एखादी होडी अशी जाते, की तिचा आवाज ऐकून म्हातारा तांडेल मान हलवतो. "इंजिन बरा असा, पण बसवल्यानी वायट," असे म्हणतो.

अशाच एका होडीची हकीगत आपण पाहू. होडीचे नाव सांगायचे कारण नाही. मालकाचेही नको. अशा होड्या वाघोटणच्या खाडीत आहेत, देवगडला आहेत, मालवणला आहेत, वर रत्नागिरीलाही आहेत. त्यांतली एक आपण मनाशी धरू आणि तिच्या पोटात उतरून बघू.

होडी सागवानी. लांबी ४० फूट. तिच्यात दोन सिलिंडरचे ३० अश्वशक्तीचे इंजिन होते. अश्वशक्ती म्हणजे काय? ७५ किलोचे पोते एका सेकंदात एक मीटर वर उचलायला जेवढा जोर लागतो, तेवढा जोर म्हणजे एक अश्वशक्ती. अशा तीस. त्या इंजिनाने वीस वर्षे इमानाने काम केले. मग ते तेल खाऊ लागले, धूर ओकू लागले. मालकाने कर्ज काढले आणि एका जुन्या ट्रकचे इंजिन विकत आणले. चार सिलिंडर. पाटीवर लिहिलेले : ६० अश्वशक्ती, मिनिटाला १८०० फेरे. मालक खूश. जोर दुप्पट झाला, आता होडी दुप्पट पळणार असे त्याला वाटले.

नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. घाई होती. आठ दिवसांत जुने इंजिन निघाले आणि नवे बसले.

पुढे काय झाले? होडी पहिल्याहून जेमतेम जलद गेली. पूर्ण रेस दिली की काळा धूर निघे. फेरे १४५० च्या वर चढत नसत. होडी थरथर कापे, इतकी की खलाशांच्या हातातला चहा सांडे. शाफ्ट जिथून होडीबाहेर जातो तिथून पाणी गळू लागले. दर दोन तासांनी उपसा करावा लागे. इंजिन तापे. कपलिंगचे बोल्ट महिन्यातून एकदा तुटत. शेवटी कार्तिकातल्या एका रात्री किल्ल्याच्या पश्चिमेला चारही बोल्ट एकदम तुटले. होडीत पाच माणसे. वारा किनाऱ्याकडचा. खाली खडक. नांगर धरला म्हणून माणसे वाचली. सकाळी दुसऱ्या होडीने त्यांना ओढून बंदरात आणले.

मालक म्हणाला, "इंजिनच खराब मिळाला. इकून टाकतंय."

मिस्त्री म्हणाला, "थांब रे बाबा. आधी बघूया तरी."

शिडाच्या होडीत इंजिन कसे आले

इथे जरा मागे जाऊन येऊ. विजयदुर्गला होड्यांची दुरुस्ती काही आजची नाही. किल्ल्यापासून जवळच, खाडीच्या काठाला गिर्ये गावात आंग्र्यांच्या आरमाराची गोदी आहे. भरतीच्या पाण्यावर गलबत आत घ्यायचे आणि ओहोटीला ते कोरडे पडले की दुरुस्त करायचे, अशी तिची रीत. दुरुस्त करायचे ते काय? फळ्या, सांधे, डोलकाठी, शीड, सुकाणू. इंजिन नव्हतेच. होडीला ढकलणारा वारा होता आणि तो शिडाला धरून ढकलत होता.

डिझेलवर चालणारे इंजिन रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने शोधले. १८९७ साली त्याचे इंजिन नीट चालून दाखवू लागले. त्यात ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबतात की ती दाबानेच तापते आणि त्यात तेलाचा फवारा सोडला की पेट घेतो. सायकलच्या पंपाचे टोक बोटाने दाबून पंप मारा. पंप गरम लागतो ना? तीच गोष्ट. १९१२ साली 'सेलांडिया' हे डेन्मार्कचे मोठे जहाज डिझेल इंजिनावर थेट बँकॉकपर्यंत जाऊन आले. बिचारा डिझेल मात्र १९१३ साली एका बोटीवरून रात्री नाहीसा झाला. तो बुडाला की आणखी काही झाले, याचा वाद अजून आहे.

आपल्याकडे पुण्याला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि डिझेल इंजिने करू लागली. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांनी करार केला. त्यातून केरळच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांचे काम सुरू झाले. आपल्या किनाऱ्यावरही त्याच सुमाराला होड्यांत इंजिने बसू लागली. पण त्यातल्या पुष्कळ होड्या मूळच्या शिडाच्या घाटाच्या. म्हणजे इंजिन बदलणे राहू द्या, इंजिन घालणे हीच मुळात एक बदली होती. शिडाचा जोर डोलकाठीवर येतो. इंजिनाचा जोर होडीच्या मागल्या पोटात येतो आणि तो सारखा थरथरत येतो. होडीला ते सोसेल अशी बैठक करून द्यावी लागते.

आता आपल्या मिस्त्रीकडे जाऊ.

मिस्त्रीने आधी काय पाहिले

मिस्त्रीने पाना हातात घेतला नाही. नवे बोल्ट घालून इंजिन चालू करायला सांगितले आणि तो इंजिनाशेजारी उकिडवा बसला. पाण्याने भरलेली एक वाटी त्याने इंजिनाच्या बैठकीवर ठेवली. पाणी उसळून बाहेर पडले. तीच वाटी त्याने होडीच्या वाकावर ठेवली. तिथे पाणी नुसते शहारत होते. म्हणजे इंजिन आणि होडी एकजीव नव्हती. इंजिन बैठकीवर नाचत होते.

मग त्याने इंजिनाच्या चारही पायांपाशी तेलाचे दोन दोन थेंब सोडले. मागच्या उजव्या पायाखाली तेलाचे बुडबुडे येऊ लागले. बुडबुडे का यावेत? पाय उचलला जातो, हवा आत जाते. पाय बसतो, हवा बाहेर येते. डोळ्याला हालचाल दिसत नव्हती, पण तेलाने चुगली केली.

इंजिन बंद करून पाय उघडला. खाली आंब्याच्या फळीचे तुकडे आणि ट्रकच्या टायरचे रबर घातलेले होते. नव्या इंजिनाचे पाय जुन्या बैठकीशी जुळत नव्हते, म्हणून उंची भरून काढायला हे भरताड केले होते. फळी तेलाने भिजून चिखल झाली होती. बोल्ट आरपार नव्हते. लाकडात पिळलेले जाड स्क्रू होते. थरथरीने त्यांची भोके रुंद झाली होती.

हे सारे पाहून मिस्त्री म्हणाला, "गळता काय, बोल्ट तुटतत काय, सगळ्याची आई ही हयसर बसली हा."

त्याचे म्हणणे खरे होते. तेच आता सावकाश समजून घेऊ, कारण सगळ्या दुरुस्तीचे मूळ इथे आहे.

होडीला पुढे कोण ढकलते? पंखा. पंखा पाणी मागे लोटतो, म्हणून पाणी पंख्याला पुढे लोटते. तो रेटा शाफ्टवर येतो. शाफ्ट तो कपलिंगला देतो, कपलिंग गेअरबॉक्सला, गेअरबॉक्स बैठकीला आणि बैठक होडीला. म्हणजे सगळी होडी, जाळी, बर्फ, मासळी आणि पाच माणसे यांना ढकलणारा जोर त्या बैठकीतून जातो. ट्रकमध्ये असे नसते. तिथे चाक रस्त्याला रेटते आणि तो रेटा धुरा व पाटे यांतून गाडीला मिळतो. ट्रकच्या गेअरबॉक्सने फक्त फिरवायचे असते, ढकलायचे नसते. म्हणून ट्रकचा गेअरबॉक्स होडीत घालू नये. कोणी घालतात आणि दोन महिन्यांत त्याची बेअरिंगे खलास होतात. होडीच्या गेअरबॉक्सात रेटा झेलणारे वेगळे बेअरिंग असते. आपल्या मालकाने एवढे तरी बरे केले होते, की जुना होडीचाच गेअरबॉक्स ठेवला होता. पण त्यातही एक गोम होती. ती पुढे सांगतो.

बैठक ढिली झाली की इंजिन हलते. इंजिन हलले की त्याची रेघ शाफ्टच्या रेघेशी जुळत नाही. मग शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला थोडा वाकतो आणि सरळ होतो. मिनिटाला ७०० फेरे म्हणजे तासाला ४२,००० वेळा. लोखंडी तार हाताने सारखी वाकवली तर तुटते ना? तसे कपलिंगचे बोल्ट तुटतात. शाफ्ट नळीत डुलतो, म्हणून ग्लँडमधली दोरी, म्हणजे पॅकिंग, झिजते आणि पाणी गळते. गळते म्हणून खलाशी ग्लँड आवळतो. आवळला की घर्षणाने तापतो, पॅकिंग जळते, शाफ्टला चर पडतात आणि आणखी गळते. मग तो आणखी आवळतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. होडी चालू असताना ग्लँडमधून मिनिटाला काही थेंब पाणी यावेच लागते. ते पाणी पॅकिंगला थंड ठेवते. थेंब मोजता येत असतील तर ठीक. धार लागली तर बिघाड. एकही थेंब नसेल तर तोही बिघाडच.

बैठक आणि रेघ

पाण्याखालचे काम करायचे तर होडी वर घ्यायला हवी. पौर्णिमेच्या उधाणाला होडी काठाला आणली आणि ओहोटीला ती टेकूंवर कोरडी पडली. आता अमावास्येच्या उधाणापर्यंत तिला उचलणारे पाणी येणार नव्हते. मधली भांगाची भरती तिथवर पोचत नाही. म्हणजे हाताशी पंधरा दिवस. मालक अस्वस्थ. पंधरा दिवस मासळी नाही म्हणजे पाच घरांची चूल अडली. खलाशी मात्र रोज येऊन फळ्या खरवडत बसले. त्या रात्री होडीत तेच होते, त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

मिस्त्रीने इंजिन उचलून बाजूला ठेवले. जुनी बैठक काढली. ती चारच वाकांवर टेकलेली होती. नवी बैठक त्याने सागाच्या दोन लांब तुळयांची केली आणि ती आठ वाकांवर बसवली. बोजा जितक्या जास्त वाकांवर वाटला जाईल तितका एकेका वाकाला कमी. पालखी चार खांद्यांऐवजी आठ खांद्यांवर घेतली तसे. तुळयांमध्ये आडवे तुकडे खाचा करून घातले, म्हणजे तुळया बाहेर फाकत नाहीत. बोल्ट आरपार घातले आणि खाली-वर लोखंडी पट्ट्या दिल्या, म्हणजे बोल्टचे डोके लाकडात रुतत नाही.

मग शाफ्ट. मिस्त्रीने मागे जाऊन पंखा दोन्ही हातांनी वरखाली हलवला. खडखड आवाज आला. शेवटचे बेअरिंग झिजले होते. ते नवे घातले. शाफ्ट काढून लेथवर फिरवून पाहिला. वाकलेला नव्हता, पण ग्लँडच्या जागी चर होते. ते पुरून, तासून गुळगुळीत करून घेतले.

आता रेघ जुळवणे. इंग्रजी शिकलेले लोक याला अलाइनमेंट म्हणतात. नियम असा, की शाफ्ट हा मालक आणि इंजिन हा चाकर. शाफ्टची जागा होडीने ठरवलेली असते. ती हलत नाही. इंजिन हलवून शाफ्टशी जुळवायचे. पहिल्या मिस्त्रीने उलटे केले होते. इंजिन जिथे बसले तिथे बसले आणि मग बोल्ट आवळून शाफ्टलाच ओढून जवळ आणले.

कपलिंग म्हणजे समोरासमोर ठेवलेली दोन ताटे समजा. एक गेअरबॉक्सचे, एक शाफ्टचे. बोल्ट काढायचे आणि ताटे अगदी जवळ आणायची. दोन्ही ताटांच्या कडा एका पातळीत आहेत ना, हे आधी पट्टी लावून पाहायचे. मग मधल्या फटीत वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार ठिकाणी फीलर गेजची पाती घालून पाहायची. चारही ठिकाणी फट सारखी हवी. फरक किती चालेल? ताटाच्या व्यासाच्या हजाराव्या भागापर्यंत. ताट १५० मिलिमीटरचे असेल तर ०.१५ मिलिमीटर. वहीचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे दीड कागदाइतका फरक चालतो, जास्त नाही. या होडीत फरक निघाला दोन मिलिमीटर. वीस कागद!

वरची फट मोठी असेल तर इंजिनाचे तोंड खाली झुकले आहे असे समजावे. पुढचे पाय उचलावेत. खालची फट मोठी असेल तर पुढचे पाय उतरवावेत. उचलायचे ते धातूच्या पातळ पत्र्यांनी. फळी नको आणि टायर तर नकोच.

आणखी एक युक्ती आहे. फट मोजून झाली की शाफ्टचे ताट अर्धा फेरा फिरवा आणि परत मोजा. मोठी फट पूर्वीच्याच बाजूला राहिली तर इंजिनाची जागा चुकली आहे. फट ताटाबरोबर फिरून दुसऱ्या बाजूला गेली तर शाफ्ट वाकला आहे किंवा ते ताट वाकडे आहे. हे न पाहता नुसते पत्रे घालीत बसलात तर जन्मभर घालीत बसाल.

आता गंमत पहा. मिस्त्रीने सगळे जुळवले, पण बोल्ट पक्के आवळले नाहीत. का? होडी कोरड्यावर होती. कोरड्यावर ती पठाणावर आणि टेकूंवर बसलेली असते. पाण्यात गेली की तिला चोहोबाजूंनी पाणी उचलते आणि लाकडी होडीचा आकार थोडा बदलतो. कोरडे लाकूड पाणी पिऊन फुगते ते वेगळेच. म्हणून शेवटचे मोजमाप पाण्यात करायचे. तेही होडी दोन दिवस पाण्यात राहिल्यावर, टाकीत डिझेल आणि होडीत जाळी भरून.

पाणी, धूर आणि तेल

बैठक सुधारली तरी इंजिन तापायचे थांबले असते का? नाही. त्याचे कारण वेगळे होते.

ट्रकच्या तोंडाशी रेडिएटर असतो. ट्रक धावतो, वारा लागतो, पाणी निवते. होडीत इंजिन पोटात कोंडलेले. तिथे वारा कुठला? म्हणून पहिल्या मिस्त्रीने रेडिएटर काढला आणि समुद्राचे पाणी थेट इंजिनात फिरवले. इंजिन त्या दिवशी थंड राहिले. पण खारे पाणी तापले की मिठाचा आणि क्षारांचा थर धरतो. भात शिजवताना मीठ घातलेले पाणी आटले तर भांड्याला पांढरा थर येतो, तसा. इंजिनातल्या वाटा बारीक. त्या वर्षभरात निम्म्या बुजल्या. शिवाय ट्रकचे इंजिन गोड्या पाण्यासाठी केलेले. खारे पाणी त्याचे लोखंड खाते.

उपाय काय? आपण दूध निववायला भांडे परातीतल्या थंड पाण्यात ठेवतो. दुधात पाणी मिसळत नाही, पण दूध निवते. तसेच इथे करायचे. इंजिनात गोडे पाणीच फिरवायचे. ते एका बंद टाकीतून न्यायचे आणि त्या टाकीतल्या बारीक नळ्यांतून समुद्राचे पाणी खेळवायचे. गोडे पाणी आणि खारे पाणी एकमेकांना भेटत नाही, पण उष्णता एकातून दुसऱ्यात जाते. समुद्राचे पाणी जिथून आत येते तिथे जाळी हवी आणि हाताला लागेल असा बंद करायचा कॉक हवा. पाण्याचा नळ फुटला आणि कॉक नसला तर होडी बसल्या जागी बुडते. त्या टाकीत जस्ताचा एक तुकडा बसवतात. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की एक गंजतो. जस्त तिथे असला की तो आधी झिजतो आणि बाकीचे वाचते. तो तुकडा मधून मधून बदलावा लागतो.

थर्मोस्टॅट नावाची एक छोटी झडप असते. इंजिन पुरेसे तापेपर्यंत ती पाणी अडवते. इंजिन तापते म्हणून कोणीतरी ती काढून फेकून दिली होती. आपल्याकडे ही खोडच आहे, जे कळत नाही ते काढून टाकायचे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन कधी फार थंड चालते आणि थंड डिझेल इंजिनात तेल नीट जळत नाही. मिस्त्रीने नवा घातला.

धुराचा नळ लाकडी भिंतीला टेकलेला होता. भिंत काळी पडली होती. आणखी काही महिन्यांनी आग लागली असती. नळ चार बोटे दूर घेतला आणि त्याला काचेच्या लोकरीची गुंडाळी केली. पूर्वी ॲसबेस्टॉसची दोरी गुंडाळत. ती वापरू नका. तिची धूळ फुप्फुसात जाऊन कॅन्सर करते. नळाचे सांधेही गच्च केले. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत झोपलेला खलाशी त्याने झोपेतच मरतो.

तेल मोजायच्या पट्टीचेही तसेच. होडीत शाफ्ट मागे उतरता असतो, म्हणून इंजिनही मागे कललेले बसते. ट्रकात ते जवळजवळ सपाट होते. कललेल्या इंजिनात पट्टी खोटे बोलते. मिस्त्रीने सगळे तेल काढले, पाटीवर लिहिले होते तितके लिटर मोजून भरले, आणि पट्टीवर कानशीने नवी खूण केली.

दुप्पट जोर गेला कुठे

आता ती गोम. नवे इंजिन ६० अश्वशक्तीचे, मग होडी पळेना का?

जुने इंजिन मिनिटाला १२०० फेरे घेई. गेअरबॉक्स दोनास एक. म्हणजे पंखा ६०० फेरे घेई. नवे इंजिन १८०० फेऱ्यांचे. गेअरबॉक्स तोच. म्हणजे पंख्याने ९०० फेरे घ्यावेत अशी अपेक्षा. फेरे दीडपट झाले. मग पंख्याला जोरही दीडपट लागेल असे तुम्ही म्हणाल. नाही! पाण्यात पंखा दीडपट फिरवायचा तर जोर दीड गुणिले दीड गुणिले दीड इतका लागतो. करून पहा. दीड दुणे नव्हे, दीड दीडे सव्वादोन आणि सव्वादोनाची दीडपट म्हणजे सुमारे तीन पूर्णांक चार. जुन्या ३० अश्वशक्तीच्या जागी १०० हून अधिक हवी. इंजिनात आहे ६०. मग इंजिन १४५० वर अडते, न जळलेले तेल काळ्या धुरातून बाहेर टाकते आणि तापते. पंधरा पोत्यांची गाडी ओढणाऱ्या बैलाला पन्नास पोत्यांची गाडी जुंपली तर तो जसा जागीच धापा टाकील, तसेच हे.

हिशेब असा, की अडीचास एक गेअर घातला तर १८०० ला अडीचने भागून पंखा ७२० फेरे घेईल. हे पूर्वीच्या १.२ पट. १.२ तीनदा गुणले की १.७३. ३० ला त्याने गुणले की सुमारे ५२ अश्वशक्ती. इंजिनाच्या ६० मध्ये हे बसते आणि थोडे उरते. शिवाय जुन्या गेअरबॉक्सच्या पाटीवर ३० अश्वशक्तीच लिहिलेली होती. त्याच्यावर दुप्पट बोजा टाकला होता. तो कधीतरी समुद्रात दगा देणारच होता. मालकाने अडीचास एकचा, ६० हून जास्त अश्वशक्ती झेलणारा गेअरबॉक्स घेतला. पैसे पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवून उभे केले. पहिल्या वेळीच घेतला असता तर तेवढ्यात भागले असते, हे तिने त्याला सांगितलेच. शाफ्टवर आता पूर्वीपेक्षा जवळजवळ दीडपट पीळ येणार होता. शाफ्टची जाडी तक्त्यात पाहून तो पुरेल अशी खात्री करून घेतली.

पंख्याच्या मध्यावर दोन आकडे कोरलेले असतात. समजा २४ × १६. पहिला पंख्याचा व्यास, इंचांत. दुसरा पिच. पंखा जर लोण्यात स्क्रूसारखा फिरला असता तर एका फेऱ्यात १६ इंच पुढे गेला असता. ७२० फेऱ्यांना ११,५२० इंच, म्हणजे ९६० फूट. तासाला ५७,६०० फूट. सागरी मैल ६,०७६ फुटांचा, म्हणून साडेनऊ मैल. पण पाणी लोणी नव्हे. पंखा घसरतो. जाळी ओढणाऱ्या जड होडीत त्यातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त घसरण्यात जातो. सहा मैल मिळाले तरी चांगले. दुप्पट जोर म्हणजे दुप्पट वेग नव्हे, हे मालकाला तेव्हा पटले. त्याला मिळाले ते वेगळे. भरल्या होडीनिशी ओहोटीच्या तोंडावर खाडीत शिरायचे बळ मिळाले.

अमावास्येच्या उधाणाला होडी तरंगली. दोन दिवस ती बंदरात बांधून ठेवली. तिसऱ्या दिवशी कपलिंग उघडून मोजले. कोरड्यावर दीड कागदात जुळलेली फट पाच कागद झाली होती. पत्रे बदलून ती एका कागदावर आणली, मग बोल्ट आवळले. किल्ल्याला वळसा घालून होडी बाहेर गेली. पूर्ण रेस दिली. फेरे १८०० ला लागले. धूर फिका. पाण्याचा काटा ८० अंशांवर थांबला. मिस्त्रीने वाटी बैठकीवर ठेवली. पाणी शहारले, पण सांडले नाही. ग्लँडपाशी एक खलाशी पालथा पडून थेंब मोजत होता.

पन्नास तास चालल्यावर पुन्हा यायचे, सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे आणि फट परत मोजायची, असे मिस्त्रीने बजावले. नवे लाकूड दबते. दरम्यान नव्या इंजिनाचा नंबर आणि अश्वशक्ती होडीच्या कागदांत लावून घ्यायला मालक मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरीत गेला. कागदांत अजून जुनेच इंजिन होते. त्या कार्तिकाच्या रात्री काही बरेवाईट झाले असते तर विम्याच्या अर्जावर लिहायला त्याच्याकडे खरा नंबरही नव्हता.